रुग्णवाहिकेतला जादा माणूस

गोवा घटक राज्य झाल्यावर घटक राज्याला शोभेल असे संशोधनही असावे, असे वरच्या पातळीवर ठरले आणि आमच्या पाळी गावच्या रुग्णवाहिकेचा अभ्यास सुरू झाला. विषय होता 'रुग्णवाहतुकीतील सुरक्षितता व शुश्रूषा'. जनतेचा प्रतिनिधी म्हणून त्यावर माझी नेमणूक झाली. मी पंच, म्हणजे पंचायतीचा सदस्य आहे. पंचाला त्यातले काय कळते, असे विचारणारे गावात आहेत; त्यांना मी उत्तर देत नाही.

संशोधन अधिकारी कमलाक्षी मॅडम हुशार बाई. खाणपट्ट्यात गाडी एवढी का आदळते, याचे कारण त्यांनी शोधून काढले. ते रस्ता नव्हे. रस्ता दुसऱ्या खात्याकडे येतो. गाडी आदळते जादा भारामुळे. तेव्हा यापुढे रुग्णवाहिका आधी खनिजाच्या ट्रकांच्या वजनकाट्यावर न्यावी आणि जादा भार उतरवूनच पुढे जावे, असा नियम झाला. मी अनुमोदन दिले. चहा चांगला होता.

पहिला रुग्ण मिळाला तो आमच्याच वाड्यावरचा कृष्णनाथ. अंगणात बसल्या बसल्या त्याच्या छातीत कळ आली आणि सदरा घामाने भिजला. डॉक्टर म्हणाले, ताबडतोब पणजीकडच्या मोठ्या हॉस्पिटलात न्या, उशीर झाला तर काही खरे नाही. त्याची बायको पद्मावती पायांत चप्पल न घालताच गाडीत चढली.

आता आमच्या वाड्याची एक रीत आहे. आजाऱ्याबरोबर जायला कोणी निघाला, तर त्याला 'तू राहा' म्हणायचे नाही. म्हटले, तर चवथीला, म्हणजे गणपतीत, तो तुमच्याकडे आरतीला येत नाही. त्यामुळे शेजारची रुक्मिणीमावशी चढली, पणजीला दिलेल्या लेकीसाठी आमसुलांची पिशवी घेऊन. पद्मावतीचे दोन भाऊ चढले. मॅडम आणि त्यांचे यंत्र सांभाळणारे मदतनीस आधीच बसले होते. मी तर पदसिद्ध.

काट्यावर एक माणूस जादा भरला.

"कोणीतरी उतरायला हवं," मॅडम म्हणाल्या. "रुग्णाच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे."

मदतनीस उतरले तर संशोधन कोण करणार? भाऊ उतरले तर बहिणीला काय वाटेल? मला उतरवणे म्हणजे गावाला उतरवणे. सगळ्यांनी रुक्मिणीमावशीकडे पाहिले.

"मी कित्याक उतरू?" ती म्हणाली. "म्हाका गाडी लागता, तरी इलंय. कृष्णनाथासाठी."

तेवढ्यात स्ट्रेचरवरून आवाज आला.

"मी उतरतंय," कृष्णनाथ म्हणाला. "माझ्यापायी कोणाक त्रास नको."

खरे सांगतो, आम्हाला हायसे वाटले. उतरवल्यावर रागावणार नाही, असा गाडीत तो एकटाच होता. मॅडमनी नियम तपासला. रुग्णाला उतरवू नये, असे त्यात कुठेही म्हटले नव्हते.

पद्मावतीने आमच्याकडे असे पाहिले, की मी खिडकीबाहेर बघू लागलो. ती खाली उतरली. नाक्यावरून तिने एक पायलट, म्हणजे आमच्याकडची भाड्याची मोटारसायकल, हाक मारून बोलावली. कृष्णनाथला मध्ये बसवून ती मागून त्याला घट्ट धरून बसली. दोन माणसे उतरल्याने गाडीत एकाची जागा शिल्लक राहिली. तीवर ड्रायव्हर शंभूने आपल्या मेव्हण्याला बसवले.

पुढे आम्ही भोंगा वाजवत खनिजाच्या ट्रकांच्या रांगेत अडकलो. मोटारसायकल मधून निघून गेली. आम्ही पोचलो तेव्हा कृष्णनाथला सलाईन लागले होते आणि डॉक्टर पद्मावतीला म्हणत होते, वेळेवर आणलेत. अहवालात नोंद झाली, 'रुग्णास रुग्णवाहिकेमुळे प्रवासात एकही धक्का बसला नाही.' शिवाय, रुग्ण बाहेर ठेवल्यास रुग्णवाहिकेत शुश्रूषेला ऐसपैस जागा मिळते, अशी शिफारसही झाली. वर्तमानपत्रांनी ती छापली. लोकांनी वाचली. भोंगा ऐकला की लोक म्हणू लागले, आत अभ्यास चाललाय, चालू द्या.

चवथ झाली आणि कृष्णनाथला पुन्हा कळ आली. या खेपेस पद्मावतीने रुग्णवाहिकेच्या दारातच हात आडवा धरला आणि कोणालाच चढू दिले नाही. "तुमी घरी रवा," मला म्हणाली. पंचाला. मला राग आला, अजून आहे. तरी मी स्कूटर काढून मागे निघालो, कारण कृष्णनाथचा चेहरा मला आवडला नव्हता. पांढराफटक पडला होता.

रुग्णवाहिकेपुढे एक मोटार होती. भोंगा वाजत राहिला, ती हलेना. शेवटी पद्मावती उतरली, धावत गेली आणि काचेवर थाप मारली.

मोटारीत तुम्ही होता, आता हे वाचताय तेच. वाचन असलेला माणूस लगेच ओळखू येतो. काच खाली करून तुम्ही विचारलेत, "बाई, आत खरंच पेशंट आहे?"

"आसा," ती रुग्णवाहिकेच्या दाराकडे बोट करून म्हणाली. "आज जागाय आसा. येतल्यात काय भितर?"

तुम्ही मोटार बाजूला घेतलीत. कृष्णनाथ त्याही वेळी वाचला. मी नंतर मुद्दाम थांबून रस्ता पाहिला. मोटार बाजूला घेण्याइतकी जागा तिथे पहिल्यापासून होती.