प्रिंटर आमच्यात येत नाही

लुके गावात आपल्याइतका काटेकोर माणूस दुसरा नाही, असं निदान आन्सेल्मोचं स्वतःचं मत होतं. एका संगणकप्रणालीच्या मदत-फोरमचा तो मॉडरेटर होता, तोही बिनपगारी, त्यामुळे फारच कडक. कुठला प्रश्न फोरमवर राहील आणि कुठला बंद होईल, हे तो ठरवायचा. लोक पोरांचे मार्क सांगतात, तसा तो बंद केलेल्या प्रश्नांचा आकडा सांगायचा.

स्वतःचं लग्न नऊ दिवसांवर आलं तरी त्याचा हात थांबला नव्हता. उलट त्याने नवा नियम काढला होता.

"आधी संगणक सगळा पुसा, प्रणाली नव्याने टाका," त्याने क्रिस्पुलोला, म्हणजे आपल्या उपमॉडरेटरला, समजावलं. "तरी बिघाड राहिला, तर तो प्रणालीचा नाही. म्हणजे प्रश्न आमचा नाही."

"आणि बिघाड गेला तर?"

"मग विचारायचं काय राहिलं?"

क्रिस्पुलोने तेरेरेच्या थंड काढ्याची नळी तोंडातून काढली. "अरे, मग फोरमवर उरणार कोण?"

"शिस्त," आन्सेल्मो म्हणाला.

मंगळवारी सकाळी 'अंगणातली जाई' नावाच्या कुणीतरी लिहिलं, 'मुलांनो, पहिल्याच पानाला प्रिंटर अडतो. काय करू?' आन्सेल्मोने चार मिनिटांत नियम ऐकवला, पुसायच्या पायऱ्या दिल्या, वर 'प्रिंटर आमच्यात येत नाही' असं बजावून प्रश्न बंद केला आणि समाधानाने जेवला.

संध्याकाळी तो होणाऱ्या सासुरवाडीला गेला. त्याची होणारी बायको निमिया कोपऱ्यात रडत होती. तिची आई, दोन्या पेत्रोना, संगणकासमोर हाताची घडी घालून बसली होती.

"पंगतीची यादी गेली," निमिया म्हणाली.

आन्सेल्मोच्या तोंडचं पाणी पळालं. निमियाचं अर्धं घराणं लाल पक्षाचं, अर्धं निळ्या पक्षाचं, आणि तेही तीन पिढ्या. तिचा लादिस्लाओमामा निळ्यांच्या हातचं मीठसुद्धा घेत नसे. एकशे ऐंशी माणसांत कोण कुणाशेजारी बसणार नाही, हे ठरवायला चार महिने लागले होते. यादीशिवाय जेवण म्हणजे डोकी फुटणार, आणि डोकी फुटणार असतील तर लग्न पुढे ढकलू, असं दोन्या पेत्रोना कधीचीच म्हणत होती.

"गेली कशी?"

"फोरमवर विचारलं. एका शहाण्याने सगळं पुसायला सांगितलं. मी पायऱ्या कागदावर उतरवून घेऊन पुसलं," दोन्या पेत्रोना म्हणाली. "आता यादीही नाही आणि प्रिंटर अजून अडतोय. तो माणूस मला एकदा भेटू दे."

आन्सेल्मोने प्रिंटर उघडला. आतून केसांची पिन निघाली. मग पाप थोडं कमी करावं म्हणून त्याने खिशातला फोन पाठीमागे धरून तिचा प्रश्न गुपचूप पुन्हा चालू केला.

दोन्या पेत्रोनाचा फोन वाजला. तिने चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं, "तुमचा प्रश्न पुन्हा चालू करण्यात आला आहे. मॉडरेटर, आन्सेल्मो."

तिने चष्म्यावरून होणाऱ्या जावयाकडे पाहिलं. फोन पुन्हा वाजला. "तुमचा प्रश्न नियमानुसार पुन्हा बंद करण्यात आला आहे. उपमॉडरेटर, क्रिस्पुलो."

"सासूबाई, तो नियम तसा..."

"नियम राहू दे. उद्या सकाळपासून घरोघर जायचं. प्रत्येकाला विचारायचं, तुम्हाला कुणाशेजारी बसायचं नाही. रविवारपर्यंत यादी आली नाही, तर लग्न पुढच्या वर्षी."

तो गेला. पहिलंच घर लादिस्लाओमामाचं.

"कुणाशेजारी बसायचं नाही ते सांगतो की," मामा म्हणाला, "पण आलाच आहेस तर आधी हा टीव्ही बघ."

टीव्ही आमच्यात येत नाही, हे शब्द आन्सेल्मोने मोठ्या कष्टाने गिळले. पुढच्या घरी राउटर, त्याच्या पुढच्या घरी आजीचं कानाचं यंत्र. एका निळ्या मावशीने तर शिवणयंत्र पुढ्यात ठेवलं. चाळिसाव्या घरी यादी पुरी झाली आणि लग्न ठरल्या दिवशी झालं.

यादीचा उपयोग मात्र झाला नाही, कारण जागेवर बसलं कोण? लाल-निळे सगळे एकाच रांगेत, एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून, हातात बिघडलेले फोन घेऊन नवरदेवाच्या टेबलापाशी उभे होते. निमिया बाजूच्या खुर्चीत एकटीच केक खात होती.

"मी पण रांगेत उभी राहू का?" तिने विचारलं.

"राहा," आन्सेल्मो मान वर न करता म्हणाला, "पण मामांच्या मागे."