मेश्रामबाबूंची याददाश्त

लहानू मेश्राम समोरच्याला अर्ध्या वाक्यात अडवायचा, तेही बोट वर करून. "थांबा. गलत सांगून राहिले तुम्ही."

मग बरोबर काय ते सांगायचा, त्या दिवशी कॅन्टीनमध्ये कोणती भाजी होती त्यासकट. भिलाईचा कारखाना तेव्हा उभा राहत होता. आम्ही दोघं स्टोअर्समध्ये बाबू. मी नागपूरचा, तो भंडाऱ्याकडचा. नटबोल्टांच्या मापांपासून रशियन साहेबांच्या लांबलचक नावांपर्यंत सगळं त्याच्या डोक्यात होतं. कुठे गप्प बसावं, एवढंच नव्हतं.

"आठवण म्हणजे ओलं काँक्रीट," तो जेवणाच्या सुट्टीत आम्हाला शिकवायचा. "टाकल्यावर रोज पाणी मारा, तवा पक्कं होते. तुम्ही मारत नाही. म्हणून तुमच्या डोक्याले तडे गेले." स्वतः तो रोज सकाळी कालचा अख्खा दिवस पाढ्यासारखा म्हणायचा.

मोठ्या साहेबांची बदली झाली. निरोपाच्या भाषणात ते जुन्या आठवणींत शिरले. "भर पावसात, एकच पेटी घेऊन मी या माळरानावर उतरलो..."

मेश्रामचं बोट वर. "थांबा साहेब. पाऊस नव्हता. आन् पेट्या तीन होत्या. मीच उचलल्या."

त्या वर्षीची बढती मला मिळाली.

एकदा माझ्या घरी चहाला आला असताना मी बायकोला सांगत होतो, की लग्नाआधी मी कधी सिगरेटला हातसुद्धा लावला नाही. पुढचं सांगत नाही.

नंतर एक नकाशा हरवला. "मंगळवारी तुमच्याच हातात दिला," मेश्राम सगळ्यांसमोर म्हणाला, आणि त्याच्या शब्दावर मला मेमो मिळाला. चार दिवसांनी नकाशा त्याच्याच कपाटात सापडला. मला झालेला आनंद सांगण्यासारखा नाही. तो रजेवर होता, पण मला कुठला धीर! सायकल काढली आणि मरोद्याला त्याच्या घरी पोचलो.

बाजेवर एक म्हातारी बसली होती. त्याची आई. दोन महिन्यांपूर्वी तिला गावाहून आणलं होतं. ऑफिसात कुणाला बोलला नव्हता. दुधात कुस्करलेली भाकर तो तिला भरवत होता.

"सदू, कोन आलं रे?" तिनं विचारलं.

सदू त्याचा मोठा भाऊ. लहानू शाळेत असतानाच पटकीनं गेलेला.

"हाफिसातले आहेत, माय," मेश्राम म्हणाला. मग माझ्याकडे न बघता हळू आवाजात, "तिचं नवं पहिले पुसून राहिलं. भाऊ आधीचा, तो राहिला. मी मांगून झालो ना. माझं नाव राहिलं, तोंड पुसलं."

"तुम्ही सांगत नाही तिला?"

"सांगितलं. सदू मेला म्हटलं. आत्ताच मेल्यावानी रडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मंग म्या सांगनं सोडलं."

"लहानू कावून नाही आला अजून?" म्हातारी म्हणाली.

"ड्युटीवर आहे, माय. येऊनच राहिला."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुमी ओळखता का आमच्या लहानूले? बरा हाय ना तो?"

नकाशा माझ्या काखेतच होता.

"ओळखतो ना, आजी. लय हुशार आहे. साहेबलोक त्याले विचारल्याबिगर पाऊल टाकत नाहीत."

म्हातारीचा चेहरा फुलला. "आयकलं का रे, सदू?"

"आयकलं, माय," मेश्राम म्हणाला, आणि त्यानं पुढचा घास तिच्या तोंडाशी नेला.