विमान उतरेपर्यंत झाडू बंद

उचगावात आमच्या शेजारी आप्पा राहतात. त्यांच्या घरात केर दिसला, की समजायचं, त्यांची लेक वंदी विमानात आहे. एरवी हा माणूस सकाळ-संध्याकाळ स्वतः घर झाडतो, वर आमच्या दारातली पानंही लोटतो आणि आमच्या आळसाबद्दल दोन शब्द ऐकवतो. पण घरातलं माणूस प्रवासाला निघालं, की ते पोचल्याशिवाय केर काढायचा नाही, ही त्यांच्या आईची शिकवण. मुरगूडच्या एस.टी.पुरती ती सोपी होती. वंदी लग्न होऊन मेलबर्नला गेली आणि पंचाईत झाली.

"मर्दा, मुंबईपास्नं धा हजार किलोमीटर! मदी सिंगापूरला इमान बदलायचं. थांबा धरून सारा दिस जातोय की!" हे ते दूधवाल्यालाही ऐटीत सांगत. मोबाईलवर विमानाचा ठिपका बघत बसत. समुद्रावर ठिपका थांबला की घाबरून मला हाक मारत. थांबलेलं असायचं ते त्यांचं नेट.

त्यांच्या पत्नी, शालनकाकू, वैतागायच्या. "आवो, लेक हवंत आन् मी कचऱ्यात! कोपरा तरी लोटू द्या की."

"उतरू दे. मग मीच झाडतो."

एकदा वंदी पोचली आणि फोन न करताच झोपून गेली. नेमके पाहुणे आले. आप्पा झाडू काखेत मारून बसलेले. "पावणं, पाय वर घिऊन बसा," म्हणाले.

गेल्या वर्षी काकू अचानक गेल्या. वंदी लगेच निघाली, पण ती येईपर्यंत थांबणं शक्य नव्हतं. "धा हजार किलोमीटर," आप्पा पुटपुटत राहिले. आम्ही काकूंना घेऊन निघालो आणि रीतीप्रमाणे मागे बायकांनी घर झाडून, धुऊन काढलं. स्मशानातून परतल्यावर आप्पा ओल्या उंबऱ्यापाशी थबकले. "झाडलं व्हय?" एवढंच म्हणाले. मला वाटलं, वंदी अजून विमानात आहे म्हणून म्हणाले.

उत्तरकार्य आटोपून वंदी परत गेली. पोचल्याचा फोन तिनं आम्हालाही केला. तरी पुढे कितीतरी दिवस आप्पांच्या घरात पायाला माती लागतच होती. शेवटी माझ्या बायकोनं दाराआडचा झाडू उचलला.

"आप्पा, वंदी कवाच पोचली की."

आप्पांनी तिचा हात धरला. "ऱ्हाऊ दे, पोरी. वंदीचा फोन आला. हिचा कुठं आलाय? निम्म्या वाटंवर बी गेली नसंल, तवर झाडलं समद्यांनी."

मग माझ्याकडं बघून विचारलं, "किती लांब आसंल रं?"

मेलबर्नचं अंतर आमच्या अख्ख्या गल्लीला पाठ आहे. बायकोनं झाडू जागेवर ठेवला आणि त्या केरातच त्यांच्याजवळ बसली.