भामिनी साळूचे दीडशे काटे आणि एक रसिक

एका जंगलात कान सगळ्यांना होते, पण ऐकायला वेळ कोणालाच नव्हता. तिथे भामिनी नावाची एक साळू राहायची. साळू माहीत आहे ना? साळिंदर हो! अंगभर काटे असतात, ती. माहीत नसेल तर आईला विचारा. आईला माहीत नसेल तर ती मोबाइलमध्ये बघेल आणि मग तासभर परत यायची नाही. तेवढ्यात आपली गोष्ट संपेल.

भामिनी गाणी लिहायची. गळा तिला नव्हता. ती गुणगुणायला लागली की शेजारचं मुंगूस घर बदलायची भाषा करायचं. पण शब्द तिला असे सुचायचे की बस! तिची एकच इच्छा होती. आपलं गाणं कोणीतरी मोठ्याने म्हणावं आणि आपण बाजूला बसून ते ऐकावं. हत्तीवरून मिरवणूक नको, शाल नको, नारळ तर अजिबात नको.

आता साळूंमध्ये एक रीत आहे. गळून पडलेल्या काट्याने वाणसामानाची यादी लिहायची. गाणं मात्र अंगावरचा ताजा काटा उपटूनच लिहायचं. उपटताना डोळ्यांत पाणी येतं. ते जांभळाच्या शाईत मिसळायचं आणि मग लिहायला बसायचं. एका काट्याने एकच गाणं होतं. त्यामुळे साळू जन्मात तीनच गाणी लिहिते. एक बारशाचं, एक लग्नाचं आणि एक उगाच.

भामिनीने भाचीच्या बारशाचं लिहिलं होतं, बहिणीच्या लग्नाचं लिहिलं होतं. उगाचचं राहिलं होतं. एका दुपारी तिने काटा उपटला, चांगली रडली आणि पळसाच्या पानावर लिहिलं:

जपून ये रे जवळ सख्या, अंगावर माझ्या काटे
तुला टोचतील म्हणून माझे मलाच भय वाटे

मग तिने पानाचा फोटो काढला आणि 'कानोकान'वर टाकला.

कानोकान म्हणजे जंगलातल्या सगळ्यांच्या मोबाइलवरची गप्पा मारायची जागा. जंगलात मोबाइल कुठून आले, असं मधेच विचारू नका. सिंहाचा मुकुट कोणत्या सोनाराने घडवला, हे तुम्ही कधी विचारलंत का? नाही ना? मग गप्प बसा.

कानोकानवर ऐकणारे डोक्यांनी मोजत नसत, कानांनी मोजत. म्हणजे आकडा आपोआप दुप्पट आणि सगळे खूश. सापांना कान नसल्यामुळे ते मोजणीत येत नसत. त्यांनी मोर्चा काढला होता, पण त्यांच्या घोषणा कोणी ऐकल्याच नाहीत.

संध्याकाळपर्यंत भामिनीने चाळीस वेळा मोबाइल उघडून पाहिला. गाण्याला चार कान मिळाले होते.

दोन कान दामूअण्णा सशाचे. अण्णा निवृत्त होते आणि काहीही न वाचता सगळ्यांना उत्तर देत. त्यांनी लिहिलं होतं, "अभिनंदन! वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा!"

उरलेले दोन कान 'एक रसिक' नावाच्या कोणाचे तरी होते. फोटोच्या जागी गुलाबाचं फूल होतं. त्याने लिहिलं होतं, "ताई, काळजात घुसलं. पुढचं कधी?"

हा रसिक कोण, ते सांगूनच टाकतो. मी काही रहस्यकथा लिहीत नाही. तो होता रंगराव बिबट्या. रंगरावाने तरुणपणी एक साळू खायला घेतली होती आणि पुढे दोन महिने त्याला नुसत्या पेजेवर काढावे लागले होते. तेव्हापासून साळूंच्या साहित्याकडे त्याचं बारीक लक्ष असे. एक गाणं म्हणजे एक काटा कमी. भामिनीचे दीडशेतले एकशे एकोणपन्नास काटे अजून बाकी होते. रंगरावाला घाई नव्हती.

भामिनीला मात्र घाई झाली. "पुढचं कधी?" हे दोन शब्द तिने रात्रभर उशाशी घेतले आणि सकाळी ती हुप्पे सरांकडे गेली.

हुप्पे सर हे वानर. 'तीस दिवसांत तीन हजार कान' असा त्यांचा वर्ग होता. सरांचे स्वतःचे कान दोनच होते, पण आत्मविश्वास दांडगा.

"ताई, तुम्ही रोज टाकायला पाहिजे," सर फांदीला उलटे लटकून म्हणाले. "एक दिवस खाडा झाला की कान गळतात."

"रोज? अहो सर, आमच्यात जन्मात तीन लिहितात."

"म्हणूनच तुमच्यातलं कोणी पुढे आलं नाही. आणि दोन ओळी फार होतात. कोण वाचणार? एक करा."

"पण मग माझं गाणं कोणी म्हणेल का?"

"हजार कान झाले की कोणीतरी म्हणणारच! साधा हिशेब आहे."

भामिनी कामाला लागली. रोज एक काटा, रोज एक गाणं. सुरुवातीला एक ओळ असायची. मग सर म्हणाले अर्धी करा. मग म्हणाले, शब्द कमी आणि फोटो जास्त. चौथ्या महिन्यात तिने पानावर नुसतं 'अहाहा' लिहिलं आणि शेजारी स्वतः गालावर हात ठेवून बसली. त्याला दोन हजार कान मिळाले! भामिनी तीन वेळा गोल फिरली, खाली पडली आणि पडल्यापडल्या तिने स्वतःच स्वतःचं गाणं पुन्हा वाचलं. ते वाचायला वेळ लागला नाही.

गंमत अशी, की 'अहाहा' लिहायलाही काटा अख्खाच लागायचा. रडू मात्र आता येत नव्हतं. सवय झाली होती.

तिची वेणूमावशी एक दिवस कंद द्यायला आली आणि भाचीला बघून दारातच थबकली. भामिनीच्या पाठीवर मोजके काटे उरले होते आणि थंडी वाजते म्हणून तिने स्वेटर घातला होता.

"अगं बये, काय करून घेतलंस हे!" मावशी ओरडली. "काटे काय गाण्यासाठी असतात? बिबट्यासाठी असतात ते!"

"मावशी, तुला कलेतलं काही कळत नाही."

"कलेतलं नाही कळत. बिबट्यातलं कळतं."

"मला तीन हजार कान आहेत, मावशी!"

"मग त्यातल्या एकाने तरी तुझं गाणं म्हटलं का?"

मावशीने नेमकं दुखतं तिथेच बोट ठेवलं होतं. मोहाच्या फुलांची जत्रा जवळ आली होती. जत्रेत सगळं जंगल मिळून एक गाणं म्हणतं. तिने जत्रेच्या मंडळाला विचारलं होतं, माझं घ्याल का? मंडळाने उत्तर दिलं होतं, "लिंक पाठवा." तिने पाठवली. त्यावर मंडळाने अंगठा पाठवला. नंतर काही नाही.

पण रसिक होता ना! तो एक दिवस चुकला नव्हता. मध्ये एकदा भामिनीला ताप आला आणि गाणं राहिलं, तर लगेच त्याचा निरोप आला. "ताई, काळजी वाटली. किती राहिलेत?"

"काय किती राहिलेत?" भामिनीने विचारलं.

"विषय, ताई, विषय."

असं करत करत एकशे एकोणपन्नास गाणी झाली. शेपटीजवळ एकच काटा उरला. दुसऱ्या दिवशी सकाळी भामिनी दाराशी उन्हात बसली होती, तेव्हा झुडपातून कोणीतरी बाहेर आलं. अंगावर ठिपके, गळ्यात रुमाल बांधलेला.

"भामिनीताई ना?"

"हो. आपण?"

"एक रसिक."

भामिनीला आधी आनंद झाला. मग भीती वाटली. हा क्रम लक्षात ठेवा, कलावंत यावरूनच ओळखतात.

"तुम्ही मला खायला आलात?" तिने विचारलं.

"तसंच आहे, ताई. खोटं कशाला बोलू? पण तुमची एकशे एकोणपन्नासच्या एकशे एकोणपन्नास गाणी वाचली आहेत मी. एक सोडलं नाही."

"सगळी?" भामिनी उठून उभीच राहिली. "पहिलंसुद्धा?"

"तोंडपाठ आहे."

"मग एक करा हो. खायच्या आधी एकदा ते म्हणा. मोठ्याने. मी अशी बाजूला बसते."

रंगरावाने विचार केला. जेवणाआधी चार ओळी म्हणायला हरकत नव्हती, इथे तर दोनच होत्या. तो खाकरला आणि गायला लागला.

आणि काय सांगू तुम्हाला! आवाज असा खर्जातला, की झाडावरची पिकली चिंच खाली आली. भूक लागलेली असल्यामुळे प्रत्येक सूर पोटातून येत होता. 'जपून ये रे जवळ सख्या' म्हणताना त्याला ती दोन महिन्यांची पेज आठवली आणि त्याचे डोळे भरून आले. मुंगूस बिळातून बाहेर आलं. चितळं चरायची थांबली. बिबट्या दिसत असूनही थांबली, बरं का! वर फांदीवर हुप्पे सर होते. त्यांनी सगळं मोबाइलमध्ये टिपलं आणि रंगरावाचं नाव जोडून कानोकानवर सोडून दिलं.

गाणं संपलं. भामिनीने डोळे मिटले होते. गालांवरून पाणी वाहत होतं. चार महिन्यांत पहिल्यांदा तिला रडू आलं होतं. "आता खा," ती म्हणाली, आणि ते अगदी मनापासून म्हणाली.

रंगरावाने तोंड उघडलं. तेवढ्यात त्याचा मोबाइल वाजला. पुन्हा वाजला. मग थांबेचना. आठ हजार कान! दुपारपर्यंत वीस हजार! हत्तींचा कळप आला तेव्हा तर आकडा वेडावाकडा झाला, कारण हत्तीचा एक कान तीन धरतात. रंगराव उघड्या तोंडाने मोबाइलकडे बघत बसला. आपण इथे कशाला आलो होतो, हे त्याला संध्याकाळपर्यंत आठवलं नाही.

"ताई," तो शेवटी म्हणाला, "लोक दुसरं मागतायत."

"एकशे अठ्ठेचाळीस पडली आहेत की."

"ती गाता येत नाहीत हो! 'अहाहा'ला चाल कशी लावू? पहिल्यासारखं पाहिजे."

"पहिल्यासारखं रोज होत नाही. आणि काटा आता एकच आहे."

"नवे कधी येतील?"

"पोटभर कंद मिळाले, आणि कोणी खाल्लं नाही, तर येतील हळूहळू."

दुसऱ्या दिवसापासून रंगराव बिबट्या पहाटे उठून कंद उकरायला लागला. भामिनीच्या दाराशी तो स्वतः पहाऱ्याला बसे. कोल्हा एकदा सहज म्हणून डोकावला, तर त्याला त्याने नदीपलीकडे पिटाळलं. वेणूमावशी हे बघून दोन दिवस जेवली नाही.

एकच गोष्ट भामिनीला खुपत होती. रंगरावाच्या गाण्याखाली लिहिलं होतं: गायक आणि संगीतकार, रंगराव. गीत, पारंपरिक.

"माझं नाव घाला ना," ती म्हणाली.

"घातलं असतं, ताई. पण मग लोक विचारतील, ही अजून खाल्ली कशी नाही? माझी पंचाईत होईल."

मोहाच्या फुलांची जत्रा आली. मंडळाने यंदा कोणतं गाणं घेतलं असेल? बरोबर! सगळं जंगल एकदम गात होतं, 'जपून ये रे जवळ सख्या'. वाघ गात होता, घोरपड गात होती, सापही तोंडं हलवत होते. भामिनी स्वेटर घालून मागे उभी होती. पाठीवर नवे काटे नुकते टोचायला लागले होते. तिला राहवलं नाही. बेसूर तर बेसूर, तीही सगळ्यांबरोबर गायला लागली.

शेजारी दामूअण्णा ससा उभे होते. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि तिला कोपराने ढोसलं.

"अहो बाई, शब्द चुकताय तुम्ही. 'सख्या' नाही, 'जरा' आहे ते. जुनं गाणं आहे, नीट म्हणा."

भामिनीने त्यांच्याकडे पाहिलं. ती खूप हसली, आणि मग पुढची ओळ अण्णा म्हणत होते तशी म्हणाली.

तात्पर्य: जो आपल्याला खायला टपलेला असतो, त्याला कधी दुखवू नये. आपलं सगळं लिखाण शेवटपर्यंत वाचणारा तेवढा एकच असतो. बाकीचे अभिनंदन करतात.