मोरदऱ्याच्या तळ्याची सहल

चिखलदऱ्याला जे जे आहे ते सगळं आपल्या मोरदऱ्याच्या टेकडीवर आहे, नाही तो फक्त गाइड. आणि तो आजपासून मी! रोहण्याच्या वासुदेवरावांनी असं चार माणसांत जाहीर करून टाकलं, तेव्हा ते पूर्ण शुद्धीत होते. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

गोष्ट त्रेपन्न सालातली. आदल्या उन्हाळ्यात वासुदेवराव चिखलदऱ्याला जाऊन आले होते आणि तिथल्या एका गाइडनं त्यांना दिवसभर हिंडवलं होतं. तो पठ्ठ्या कडा आला की सगळ्यांना डोळे मिटायला लावी, हाताला धरून काठाशी नेई आणि मग म्हणे, "उघडा!" डोळे उघडावेत तर समोर दरी, नाहीतर तळं. वासुदेवरावांना दरीपेक्षा आणि तळ्यापेक्षा त्या गाइडचीच भुरळ पडली. घरी परतल्यावर त्यांनी मोरदऱ्याच्या टेकडीवरच्या जागांना नावं देऊन टाकली. गुराखी जिथे विड्या ओढायला बसत तो सूर्योदय पॉइंट. जिथून हाक मारली की खालच्या वस्तीतली कुत्री भुंकत तो प्रतिध्वनी पॉइंट. वर दोन तळीही होती, एक मोठं आणि एक लहान. गावाच्या लेखी ती म्हशींची होती. पण वासुदेवराव लहानपणी एकदा तिथे गेले होते आणि मोठ्या तळ्यात तेव्हा कमळं होती, अशी त्यांची पक्की आठवण होती.

आता खरं कारण सांगतो. ते होतं रुख्माबाईंचं माहेर. रुख्माबाई म्हणजे वासुदेवरावांच्या पत्नी, सेलूच्या. त्यांचे थोरले भाऊ रूपराव यांचं सेलूत धान्याचं दुकान होतं, महिन्यातून एकदा नागपूरची वारी होती, आणि त्यामुळे जगात पाहण्यासारखं काय आहे आणि काय नाही याचा निकाल तेच देत. दर भाऊबीजेला ओवाळून झालं की ते सगळ्यांसमोर म्हणायचे, "आमच्या रुख्मीले देलं खरं रोहण्याले, पण कापूस सोडून तिथं पाह्याले काय हाय?" सगळे हसायचे. रुख्माबाईही हसायच्या. पण यंदा परत येताना त्या रेंगीत, म्हणजे माणसं न्यायच्या हलक्या बैलगाडीत, पदर तोंडाशी धरून बसल्या, ते थेट घर येईपर्यंत. वासुदेवरावांच्या काळजाला ते फार लागलं. बायकोच्या भावाला असं काही दाखवायचं की पुढच्या भाऊबीजेला त्याचं तोंड बंद राहिलं पाहिजे, हे त्यांनी त्याच रेंगीत ठरवलं.

पौषात रूपराव आणि त्यांच्या पत्नी अन्नपूर्णाबाई रोहण्याला आले. रूपराव आले तेच गळाबंद काळा कोट आणि चष्मा घालून. दुसऱ्या दिवशी कोंबडं आरवायला रेंगी जुंपली. घरची बैलजोडी एकच, लाख्या आणि मोऱ्या. कापसाचा हंगाम असल्यानं गेला दीड महिना ही जोडी दिवसाआड कापसानं भरलेली बंडी ओढत आर्वीच्या रस्त्यावरच्या जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, जात होती आणि तिथे बंडी रिकामी होईस्तोवर सांडलेली सरकी खात होती. ही बाब लक्षात घ्यावी असं वासुदेवरावांना वाटलं नाही.

त्यांचं लक्ष पडद्यांकडे होतं. देखावा अचानक दिसला पाहिजे, हा चिखलदऱ्याचा धडा. म्हणून त्यांनी रेंगीच्या दोन्ही बाजूंना आणि मागे घोंगड्या बांधल्या, आणि पुढे गाडीवान तानबाच्या पाठीमागे एक जुनं धोतर टांगलं. रूपरावांनी विचारलं की आपण सहलीला चाललो की कुणी पळवून नेतंय. वासुदेवराव नुसतेच हसले.

रेंगी निघाली. आत अंधार, ऊब, अंगावर दुलया, आणि बाहेर बैलांच्या गळ्यातली घुंगरं. वासुदेवरावांनी गाइडाच्या आवाजात तळ्याचं वर्णन सुरू केलं. पाणी इतकं निवांत की त्यात पडलेली चांदणीसुद्धा हलत नाही. वर धुक्याचा पातळ पदर. कमळाच्या कळ्या अजून मिटलेल्या, आणि काठाकाठानं एक पांढरा पक्षी पाय न भिजवता चालल्यासारखा चाललेला. आवाज हळूहळू खाली येत गेला. आधी अन्नपूर्णाबाई झोपल्या. मग रूपराव, एक शंका अर्धी विचारून. मग रुख्माबाईंचं डोकं वासुदेवरावांच्या खांद्यावर आलं. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, पण चार माणसांत असं कधी घडलं नव्हतं. वासुदेवराव हललेच नाहीत. आपलंच वर्णन ऐकता ऐकता त्यांना ते तळं इतकं स्वच्छ दिसायला लागलं की ते काठावर बसले, पाण्यात पाय सोडले, आणि झोपले. धोतराच्या पलीकडे तानबाही मन लावून ऐकत होता. तो तर त्यांच्याही आधी झोपला होता.

फाट्यावर डावीकडची वाट मोरदऱ्याची आणि उजवीकडचा रस्ता जिनाचा. लाख्या-मोऱ्यांना विचारायला कुणी जागं नव्हतं. जिनात सरकी मिळते हे त्यांना ठाऊक होतं. तळ्यावर काय मिळतं, ते वासुदेवरावांनी सगळ्यांना सांगितलं होतं, पण बैलांना नाही.

त्यात योगायोग असा, की त्या दिवशी नागपूरहून कुणी मोठे साहेब जिनाची तपासणी करायला येणार होते. फाटकावरच्या चौकीदाराला हुकूम होता की कापसाच्या बंड्या बाजूला ठेवायच्या आणि साहेबांची गाडी थेट आत घ्यायची. साहेब कसे दिसतात हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. उजाडता उजाडता त्यानं पाहिलं तर चारी बाजूंनी झाकलेली रेंगी येते आहे, गाडीवान मान खाली घालून गप्प आहे, आणि बैल पन्नास बंड्यांच्या रांगेकडे ढुंकूनही न पाहता बाजूनं सरळ फाटकाकडे निघाले आहेत. एवढ्या गुर्मीत साहेबाशिवाय कोण येणार? त्यानं फाटक उघडलं आणि रेंगीला सलाम ठोकला.

रेंगी थांबली तशी वासुदेवरावांना जाग आली. "आलो," ते हळूच म्हणाले. "आता कोणी डोये उघडाचे नाई. मी सांगीन तवा."

त्यांनी एकेकाला हात धरून खाली उतरवलं. पायांखाली मऊ लागलं. गालांना ओलसर वाफ लागली. गाइडनं स्वतः डोळे मिटायचे नसतात, पण वासुदेवरावांना तो पहिला क्षण स्वतःलाही हवा होता, म्हणून त्यांनीही पडदा सारण्याआधीच मिटले होते. चौघं हात धरून ओळीत उभी राहिली.

"उघडा आता."

समोर धुकं होतं. धुक्यात पाणी होतं आणि पाण्यातून वाफ निघत होती. आणि पाण्यामागे एकामागून एक पांढरेशुभ्र डोंगर उभे होते, नुकत्याच आलेल्या उन्हानं शेंड्याशी गुलाबी झालेले. मोरदऱ्यात बर्फ पडला असं वासुदेवरावांना मनापासून वाटलं. रूपरावांचं तोंड खरोखरच बंद होतं. रुख्माबाईंनी नवऱ्याचा हात घट्ट धरला होता, आणि आयुष्यात यापुढे काही मिळालं नाही तरी चालेल इतकं वासुदेवरावांना सुख झालं.

मग भोंगा वाजला. धुकं हललं आणि मधल्या डोंगराच्या शेंड्यावर डोक्यावर टोपलं घेतलेली एक बाई दिसायला लागली. कापसाच्या गंज्या होत्या त्या. पाणी होतं बॉयलरच्या टाक्यातलं. बाजूला लाख्या आणि मोऱ्या सरकीत तोंड खुपसून उभे होते.

वासुदेवरावांनी खरं सांगायला तोंड उघडलंही होतं. पण तेवढ्यात जिनाचे मुनीम ताराचंद हार घेऊन धावत आले. त्यांनी काळा कोट पाहिला, चष्मा पाहिला आणि हार रूपरावांच्या गळ्यात घातला. वाटेत थंडी फार लागली नाही ना, अशी चौकशी केली. मागून एक माणूस खुर्ची घेऊन आला, त्याच्यामागून दुसरा पेढे घेऊन.

रूपरावांच्या गळ्यात लग्नानंतर हार पडला नव्हता. त्यांनी मेहुण्याकडे पाहिलं, ते पहिल्यांदाच नीट पाहिल्यासारखं. "जवाईबापू, तयं तयं म्हनून झाकून आनलं, अन् हे सारं करून ठेवलं? तुमची एवढी वट हाय इथं?"

नाही, असं म्हणायचं होतं. पण रुख्माबाई त्या हाराकडे अशा काही बघत होत्या की वासुदेवरावांची जीभ वळेना. "थोडीशी," ते म्हणाले.

झालं! पुढचे दोन तास सहलीचे गाइड ताराचंद होते. त्यांनी रूपरावांना यंत्रं दाखवली, दाबून बांधलेल्या कापसाच्या गाठी दाखवल्या, बॉयलर दाखवला. रूपराव मागे हात बांधून चालत आणि मान हलवत. वासुदेवराव मागून येत होते आणि दर पावलाला फाटकाकडे बघत होते. वजनकाटा दाखवताना ताराचंदांनी अदबीनं विचारलं, की साहेबांना तपासून बघायचा आहे का. रूपराव जन्मभर तराजूमागे बसलेला माणूस. त्यांनी दोन वजनं इकडची तिकडे केली, डोळा बारीक केला आणि सांगितलं की काटा अर्धा शेर कमी दाखवतो. ताराचंदांच्या कपाळावर पौषात घाम आला. ही बातमी रांगेत पोचली तेव्हा पन्नास बंडीवाल्यांनी काळ्या कोटाचा एवढा जयजयकार केला की सरकी खाणारे बैलसुद्धा क्षणभर थांबले.

या गर्दीत बायका कुठे गेल्या म्हणून वासुदेवरावांनी पाहिलं, तर त्या गंजीवर होत्या. कामावरच्या बायांनी हात देऊन त्यांना वर ओढून घेतलं होतं. अन्नपूर्णाबाई पसरून ऊन खात होत्या. वासुदेवराव गुडघागुडघा रुतत वर चढले आणि रुख्माबाईंजवळ बसले. खालचा गलबला इथे येत नव्हता. कापूस उन्हानं तापत होता, सगळं पांढरं आणि मऊ होतं, आणि दूर मोरदऱ्याची निळी टेकडी दिसत होती. तिच्या खांद्यावर काहीतरी लकाकत होतं.

"ते काय चमकून राह्यलं?" रुख्माबाईंनी विचारलं.

पाणी होतं की दवानं ओला झालेला खडक, देव जाणे. "तेच," वासुदेवराव म्हणाले. "मोठं तयं."

रुख्माबाई पुष्कळ वेळ बघत राहिल्या. मग खाली भावाकडे एक नजर टाकून त्यांनी हळूच विचारलं, "दादाले इथं कोन समजून राह्यले हे लोक?"

उत्तर द्यावं लागलं नाही, कारण फाटकाशी जीपचा हॉर्न वाजला. जीपमधून करड्या मिशांचे खरे साहेब उतरले. चौकीदारानं आधी त्यांना रांगेत लागायला सांगितलं आणि मग तो दिसेनासा झाला. ताराचंदांनी साहेबांकडे पाहिलं, रूपरावांकडे पाहिलं आणि विचारलं की मग तुम्ही कोण. रूपरावांनी उत्तरासाठी मेहुण्याकडे पाहिलं. सगळं जिन मान वर करून गंजीकडे बघायला लागलं.

वासुदेवराव उभे राहिले. कमरेपर्यंत कापसात होते. "आमी तयावर निघालो होतो," ते म्हणाले. "झोप लागली. बैलं इकडं आले."

हसू आधी बंडीवाल्यांत फुटलं आणि मग बॉयलरपर्यंत गेलं. रूपरावांनी गळ्यातला हार स्वतःच काढला आणि ताराचंदांच्या हातात दिला. ताराचंदांनी तो झटकून साहेबांच्या गळ्यात घातला.

बैल सरकीतून तोंड काढेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. परतताना पडदे बांधले नव्हते, तरी कुणी बाहेर पाहत नव्हतं. फाट्यावर वासुदेवरावांनी बारीक आवाजात सुचवलं की लहान तळं अजून जमेल. रूपराव म्हणाले, घरी चला. वासुदेवरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. भावाचं तोंड बंद करायला निघालो आणि त्याला जन्मभराचा किस्सा देऊन बसलो. पुढच्या भाऊबीजेला काय काय ऐकावं लागेल आणि ते ऐकताना रुख्मी कशी हसेल, हेच त्यांच्या डोळ्यांपुढे येत राहिलं. दुसऱ्या दिवशी पाहुणे गेले. रुख्माबाई त्या विषयावर चकार शब्द बोलल्या नाहीत, आणि वासुदेवरावांना तेच जड गेलं.

बाराव्या दिवशी सेलूहून पत्र आलं. वासुदेवराव शेतातून आले तेव्हा ते कोनाड्यात होतं. रुख्माबाईंना वाचता येत नसे, म्हणून ते ओसरीवर बसून मोठ्यानं वाचू लागले. रूपरावांनी लिहिलं होतं, की काट्याची हकीकत सेलूत घरोघर झाली आहे. साहेबांनी तो काटा त्याच दिवशी दुरुस्त करायला लावला असं कळतं. असा मान आमच्या घराण्यात आजवर कुणाला मिळाला नाही, आणि तो रोहण्यास मिळाला. येथील आठ मंडळी सहलीस येऊ म्हणतात, तरी चि. रुख्मीने दिवस कळवावा. रोहण्यास पाहण्यासारखे पुष्कळ आहे.

हे वाक्य वासुदेवरावांनी दोनदा वाचलं. रुख्माबाई दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होत्या. वासुदेवरावांनी पत्राची घडी घातली, खिशात ठेवली आणि संपलं म्हणून सांगितलं.

"अवो, शेवटची ओळ राह्यली."

"कोनती?"

"सकाऊन प्रेमदास पोस्टमननं पत्र आनलं तवा त्याच्याकून वाचून घेतलं मी," रुख्माबाई शांतपणे म्हणाल्या. "दादानं लिवलं हाय, गाइड नसला तरी चालते. बैलं तेवढे तेच पाह्यजेत."