आईला टोचलेली लस

आमच्या आईला आता कोणी गंडवून दाखवावं, असं मी ऑफिसात छाती फुगवून सांगत होतो. पूर्वी दारावर आलेल्या कोणाचंही तिला पटायचं. घरात तीन इस्त्र्या आहेत, आणि कुत्रा नसताना कुत्र्याचा पट्टा आहे. म्हणून मी ठरवलं, लशीत जसा अशक्त जंतू टोचतात, तसा आईला रोज एक अशक्त विक्रेता टोचायचा. जेवणाच्या सुट्टीत मी आवाज बदलून घरी फोन करायचो. कधी गादीवाला, कधी बँकेचा साहेब. तिने तीनच प्रश्न विचारायचे: घाई कसली? फुकट का? मलाच का? शेवटी तर मी ‘आई, मला वाचव’ म्हणत रडणाऱ्या मुलाचंही सोंग घेतलं. तिने तेही उडवून लावलं. घरी जाऊन मी तिची पाठ थोपटली.

मंगळवारी शेजारच्या काकूंचा फोन आला. "अरे, इमारतीत गॅस गळतोय. आम्ही सगळे खाली उतरलोय, पण तुझी आई दार उघडत नाही. अग्निशमनच्या जवानाला म्हणाली, घाई कसली?"

मी लगेच घरी फोन लावला.

"आई, मी बोलतोय. आधी खाली उतर."

"आज आवाज छान जमलाय," आई म्हणाली, "पण परवाचा रडका जास्त खरा वाटला." आणि फोन ठेवला.

ऑफिस दोन गल्ल्या पलीकडेच. धावत सुटलो, तीन मजले चढलो. बेल वाजवू नका, असं खाली जवानाने बजावलं होतं, म्हणून दार बडवलं. आईने दार उघडलं, पण बाहेरच्या जाळीची कडी काढली नाही.

"आई, चल. गॅस गळतोय."

"भीती घातली की सावध व्हायचं. तूच सांगितलंस."

"अगं, सगळे उतरलेत."

"सगळे करतात म्हणून आपण करायचं नाही. तेही तूच."

"आई, मी तुझा मुलगा आहे गं."

"दिसतंय की. परीक्षा घ्यायला खास कामावरून आलास. मी नाही नापास व्हायची. तुझं संपलं की सांग, तोवर चहा टाकते."

चहा म्हटल्यावर मी जाळीच धरून हलवली. "गॅस पेटवू नकोस, तुझ्या पाया पडतो," मी खरंच रडत होतो.

"हां, आता परवासारखा जमला," म्हणत ती वळली.

इतक्यात वरच्या मजल्यावर कोणीच दार उघडलं नाही म्हणून पाण्याचे फिल्टर विकणारा उतरत आला. त्याने सगळं ऐकलं असावं. "आजी, घाई अजिबात नाही," तो शांतपणे म्हणाला. "फुकट काहीच नाही. आणि खास तुमच्यासाठी तर मुळीच नाही, सगळ्यांना हेच दाखवतो. खाली झाडाखाली पाच मिनिटं दाखवू?"

आईने चपला घातल्या.

गळती पहिल्या मजल्यावर सापडली, बंदही झाली. संध्याकाळी पाहतो तर ओट्यावर नवा फिल्टर.

"आई, तीन प्रश्न विचारलेस का?"

"विचारायच्या आधीच त्याने उत्तरं दिली. पास झाला," आई म्हणाली. "तू मात्र तिन्हींत नापास."

मी त्या फिल्टरचंच दोन ग्लास पाणी प्यालो.