भागरताबाईंची मान वर

एका जंगलात, मुलांनो, पाणी कमी होतं आणि बैठका फार होत्या.

त्या जंगलात मीही राहायचो. मी कोतवाल. पोलिसातला नव्हे, पक्षी. काळा, दुभंगलेल्या शेपटीचा. आमची ख्याती अशी की आम्ही कोणाच्याही आवाजाची हुबेहूब नक्कल करतो. नक्कल करायला अर्थ कळावा लागत नाही, हे सुरुवातीलाच सांगून ठेवतो. पुढे माझ्याबद्दल तुमचा गैरसमज नको. या गोष्टीत बराच गाढवपणा आहे आणि आमच्या जंगलात गाढव एकही नव्हतं, त्यामुळे ते काम मला करावं लागलं.

तर, उन्हाळ्यात आमची नदी आटायची. मग भागरता नावाची रानडुकरीण कोरड्या पात्रात उतरायची. नाक वाळूला लावायची आणि हुंगत हुंगत चालू लागायची. दर वर्षी पाणी वेगळ्या जागी असायचं. कधी वळणाजवळ, कधी जांभळींच्या खाली, कधी अगदी मधोमध. ती एका ठिकाणी थांबायची आणि मुसकटाने वाळू उकरायची. हात-दोन हातांवर पाणी लागायचं.

आधी तिची पिल्लं प्यायची, मग सगळं जंगल. आमचे महाराज, भैरोजी वाघ, तेही तिथेच प्यायचे आणि प्यायला आले की डुकरांकडे बघायचे नाहीत. असा रिवाज होता. पाणी कसं सापडलं हे तिला कोणी विचारायचं नाही, आणि ती सांगायची नाही. एकंदरीत फारच मागासलेली व्यवस्था होती.

एके वर्षी भैरोजी महाराज शेजारच्या जंगलात पाहुणे म्हणून गेले. तिथे त्यांना प्रेझेंटेशन दाखवण्यात आलं. एक चितळ दगडावर उभं राहून तासभर इंग्रजीत बोललं. महाराजांना त्यातलं अक्षर कळलं नाही. त्यामुळे त्यांना ते फारच आवडलं. कळलं असतं तर त्यांनी चितळाला मध्येच खाल्लं असतं. न कळल्यामुळे ते शेवटपर्यंत मान डोलवत बसले.

परत येताच हुकूम सुटला. यापुढे जंगलात कोणतंही काम करायचं असेल तर आधी दरबारात प्रेझेंटेशन द्यायचं. इंग्रजीत. मंजुरी मिळाली की काम सुरू. पाणी शोधणं हेही कामच. मंजुरी मिळेपर्यंत नदीच्या पात्रात पाऊल टाकायचं नाही.

जंगलात इंग्रजी येत होतं फक्त मला. म्हणजे असं मी सगळ्यांना सांगितलं, आणि खोटं ठरवायला दुसऱ्या कोणाला इंग्रजी येत नव्हतं.

झालं होतं असं, की जंगलाच्या कडेला एक रिसॉर्ट होतं. शहरातल्या कंपन्या आपली माणसं तिथे आणायच्या, हिरवळीवर खुर्च्या मांडायच्या आणि प्रेझेंटेशन कसं द्यावं हे दोन-दोन दिवस शिकवायच्या. मी वरच्या तारेवर बसून किडे टिपायचो. पाच उन्हाळे मी ते ऐकलं. ‘गुड मॉर्निंग एव्हरीवन’, ‘मूव्हिंग ऑन टू द नेक्स्ट स्लाइड’, ‘दॅट्स अ ग्रेट क्वेश्चन’. सगळं पाठ. अर्थाचं काय, ते मी वर सांगितलंच आहे.

मी मोहाच्या झाडाखाली वर्ग काढला. नाव ठेवलं, ‘तीस दिवसांत परिणामकारक प्रेझेंटेशन’. फी म्हणून उधईचं एक अख्खं वारूळ.

विद्यार्थी दोनच आले. पहिला रंगनाथ मोर. त्याला पोच फार नव्हती, पण पिसारा होता. बोलायला त्याच्याजवळ विषय असा काही नव्हता, त्यामुळे त्याची प्रगती झपाट्याने झाली. शिकवलेलं वाक्य त्याच्या तोंडात कुठेही अडकायचं नाही, कारण आत दुसरं काही नव्हतंच. इतका चांगला विद्यार्थी मला पुन्हा मिळाला नाही.

दुसरी भागरता. तिला त्या वर्षी नऊ पिल्लं झाली होती. सर्वांत धाकटं अगदीच किरकोळ होतं, भावंडांच्या मागे मागे फरफटत चालायचं. ती पिल्लांना घेऊनच वर्गाला आली. अंगावर चिखल तसाच.

“मास्तर,” ती म्हणाली, “मले इंग्रजी नको. मले परवानगी पाहिजे. नदी आटाले आली अन् लेकरं लहान हायेत.”

मी म्हणालो, इंग्रजी आलं की परवानगी आपोआप येते. हे मी इतक्या आत्मविश्वासाने म्हणालो की मला स्वतःलाही खरं वाटलं.

तिच्यात दोष पुष्कळ होते. पहिला म्हणजे ती सारखी जमिनीकडे बघायची. बोलता बोलता नाक मातीत जायचं. मध्येच फुसफुसायची. रिसॉर्टवर शिकवणाऱ्या बाई तर ओरडून सांगायच्या की समोरच्याच्या डोळ्यांत बघा, खाली बघणारा माणूस घाबरट वाटतो. मी भागरताला तीन नियम दिले. मान वर. नजर समोर. चेहऱ्यावर हसू.

ती पहिल्यांदा हसली तेव्हा सुळे असे काही बाहेर आले की ऐकायला बसलेले ससे पळून गेले. मी म्हणालो, उत्तम, प्रभाव पडतोय.

बिचारीने मनापासून मेहनत केली. सकाळ-संध्याकाळ मान वर करून चालायची. दगडांना अडखळायची, बाभळीच्या काट्यांत शिरायची, पण मान खाली घालायची नाही. पिल्लं गोंधळली. आईचं तोंड त्यांना दिसेचना. वीस दिवसांनी तिने मला एक शंका विचारली.

“मास्तर, नाक वर केलं का मले पान्याचा वास येत नाही. मंग पानी कुठं हाये, हे मी सांगू कशी?”

प्रश्न बिनतोड होता. खरं तर तिथेच वर्ग बंद करायला हवा होता. पण रिसॉर्टवर एक वाक्य ऐकलेलं होतं, ते मी फेकलं. श्रोत्यांना तपशील नको असतो, त्यांना दृष्टी हवी असते. तिने मान डोलावली. अडचणीचा प्रश्न आला तर काय म्हणायचं, तेही मी तिच्याकडून घोकून घेतलं.

प्रेझेंटेशनचा दिवस उजाडला. दरबार मोठ्या कातळावर भरला. स्लाइड म्हणजे सागाची मोठाली पानं, त्यांवर नखाने ओरखडे काढलेले. ‘नेक्स्ट’ म्हटलं की एक वानर पान पालटायचं.

रंगनाथ मोर आधी उभा राहिला. त्याची योजना अशी की पाणी नदीत न शोधता टेकडीच्या माथ्यावर खणायचं. तिथून ढग जवळ आहेत, आणि देखावाही छान आहे. ती टेकडी म्हणजे वरपासून खालपर्यंत सलग काळा पाषाण. रंगनाथने ‘व्हिजन’ हा शब्द अकरा वेळा उच्चारला आणि शेवटच्या पानावर पिसारा उघडला. मग त्याने विचारलं, “एनी क्वेश्चन्स?”

मुलांनो, या ठिकाणी जरा थांबा. म्हाताऱ्या सांबराला ती टेकडी पाठ होती. त्याचं तोंड उघडलेलं मी पाहिलं. मग प्रश्न इंग्रजीत विचारावा लागेल हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्याने तोंडात आलेला प्रश्न पाल्यासारखा चघळून गिळून टाकला. नीलगाईने पायाखालचं गवत बघायला सुरुवात केली. आणि मी? माझं घरटं त्याच टेकडीवर होतं. तिथे चोचीने साधा खळगा करता येत नाही, हे माझ्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. सर्वांत जोरात मान मी डोलावली. विद्यार्थी माझा होता ना.

मग भागरता उभी राहिली. त्या दिवशी ती उरल्यासुरल्या डबक्यात अंग घासून आली होती. चिखलाचा ठिपका नाही. मान वर, नजर समोर. “गुड मॉर्निंग एव्हरीवन,” ती म्हणाली, आणि इतकं स्वच्छ म्हणाली की माझे डोळे भरून आले. दोन पानं बिनचूक झाली.

महाराजांनी इंग्रजीतला एक शब्द नुकताच पैदा केला होता. तो वापरायची संधी ते शोधतच होते.

“व्हेअर?” त्यांनी विचारलं.

म्हणजे, पाणी कुठे आहे? सगळ्या दरबारात झालेला तेवढा एकच शहाणा प्रश्न, आणि तो चुकून झालेला. भागरताचं नाक थरथरलं. कातळाच्या खालीच नदी होती. वारा तिकडूनच येत होता. तिची मान हळूहळू खाली यायला लागली. आणखी वीतभर खाली आली असती तर तिने जागा सांगितली असती, यात मला आजही शंका नाही.

मी फांदीवरून तिला खूण केली. चोच वर करून दाखवली.

तिने मान वर घेतली. नजर समोर ठेवली. हसली. “दॅट्स अ ग्रेट क्वेश्चन, सर,” ती म्हणाली. “आय विल गेट बॅक टू यू.”

टाळ्या झाल्या. मंजुरी रंगनाथला मिळाली.

दुसऱ्या दिवसापासून सगळं जंगल टेकडीवर खणू लागलं. भागरता सर्वांत पुढे, कारण खणण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. पाषाणाने तिचं मुसकट सोलून निघालं. रोज दुपारी रंगनाथ कामाच्या प्रगतीचं प्रेझेंटेशन द्यायचा. ‘वी आर ऑन ट्रॅक’, असं म्हणायचा. आम्ही कोरड्या जिभांनी टाळ्या वाजवायचो. तिकडे शेवटचं डबकंही आटलं.

नवव्या दिवशी सकाळी भागरता पिल्लांना घेऊन टेकडीकडे निघाली. वाट नदीच्या पात्रातून जायची. टेकडीवर जाण्यापुरती तिथून ये-जा करायला सूट होती. मी तिच्या पाठीवर बसलो होतो. डुकराच्या पाठीवर बसलं की त्याच्या पायांनी उठणारे किडे आयते मिळतात. पाणी नसलं म्हणून काय झालं, मास्तरांचा नाश्ता चुकत नव्हता.

ती मान वर करूनच चालत होती. आता तिला तशी सवयच लागली होती. म्हणून धाकटं पिल्लू मागे पडलं, वाळूत आडवं झालं, हे तिला दिसलं नाही. उरलेली आठ ओरडली तेव्हा ती वळली. पिल्लाचे डोळे अर्धे मिटले होते. जीभ बाहेर होती.

भागरताने मान खाली घातली आणि त्याला चाटू लागली. तिचं नाक वाळूला लागलं. ती थबकली. एक पाऊल पुढे सरकली, पुन्हा हुंगलं.

आणि मी, मुलांनो, तिच्या पाठीवर बसून, सवयीने म्हणालो, “मान वर.”

तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“मास्तर,” ती म्हणाली, “उतरा खाली.”

मी उतरलो. तिने सोललेल्या मुसकटाने वाळू उकरायला घेतली. एक हात झाला, दोन हात झाले. वाळू ओली लागली, मग काळी झाली, मग त्यात पाणी जमू लागलं. तिने पिल्लाला नाकाने ढकलत ढकलत खड्ड्याशी नेलं. बराच वेळ ते नुसतं पडून राहिलं. मग त्याची जीभ हलली.

मला लाज वाटली. फार वाटली. आठ भावंडं ओळीने उभी होती आणि धाकट्याचं पिणं होईपर्यंत एकही पुढे आलं नाही. ते बघताना मला एकही वाक्य आठवेना, कुठल्याच भाषेतलं.

दुपारपर्यंत टेकडी रिकामी झाली आणि जंगल खड्ड्याभोवती जमलं. महाराजही पोटभर प्यायले. मग त्यांनी भागरताला विचारलं, हे कसं केलंस? घाईत ते मराठीतच बोलले.

“नाक खाली घातलं जी,” ती म्हणाली. “बाकी काई नाही.”

महाराजांना ते पटलं, पण पुरेना. इतकी मोठी गोष्ट इतक्या लहान वाक्यात शेजारच्या जंगलाला कशी सांगणार? मंजुरीशिवाय पाणी काढल्याबद्दल भागरताला समज देण्यात आली. आणि या यशावर एक चांगलंसं प्रेझेंटेशन तयार करा, असा हुकूम झाला. भागरता म्हणाली, मले टाइम नाही, नऊ लेकरं हायेत. म्हणून ते काम माझ्याकडे आलं.

सागाची बेचाळीस पानं झाली. नाव दिलं, ‘नोज डाउन लीडरशिप’. पिल्लाच्या जिभेचं पान केलं नाही. प्रयत्न केला होता, पण ओरखडा उमटेना.

महाराज मला शेजारच्या जंगलात घेऊन गेले. मग त्याच्या पलीकडच्या. आता मी वर्षाचे आठ महिने बाहेरच असतो. नाक जमिनीला लावून काम करण्याचं महत्त्व मी इंग्रजीतून सांगतो, मान वर करून. एका ठिकाणी कोणी तरी म्हणालं, त्या भागरताबाईंनाच आणा की एकदा. मी म्हणालो, त्यांचं काम उत्तम आहे, पण बोलणं जरा कच्चं आहे.

यंदा पुन्हा नदी आटली आहे. भागरताने पात्रात उतरायच्या परवानगीसाठी रीतसर अर्ज केला आहे. मंजुरी समितीवर मी आहे. अर्ज मराठीत असल्यामुळे परत पाठवावा लागला.

तात्पर्य : पाणी कुठे आहे हे आपल्याला ठाऊक नसलं तरी अडत नाही. ज्याला ठाऊक आहे त्याच्या पाठीवर बसावं, आणि इंग्रजी तेवढं नीट बोलावं.